झाडांचं माहेर, वारासिवनी रोड

माझ्याकडे वेबसाइट करून घ्यायला येणारा माणूस आधी स्वतःचा फोटो काढून टेबलावर ठेवतो. कोचिंग क्लासवाले सर असोत, लग्नाच्या लॉनचे मालक असोत, की दातांचे डॉक्टर, पहिल्या पानावर प्रत्येकाला हात जोडून उभे असलेले आपण हवे असतात. बालाघाटात हा उद्योग मी इतकी वर्षं करते आहे की आता हात जोडलेला माणूस दिसला तरी माझं डोकं दुखायला लागतं. डोंगरवारकाका आले ते फोटो न घेता. त्यांनी शर्टाच्या खिशातून पितळेचं एक छोटं होकायंत्र काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं, आणि सुई थांबायची वाट पाहिली.

"मंजू, तू दक्षिणेकडं तोंड करून बसून राह्यली," ते म्हणाले. "डोये दुखत असतीन तुह्ये."

डोळे दुखत होतेच. पण ते दिशेमुळे नाही, दिवसभर लोकांचे जोडलेले हात पाहून, हे मी त्यांना सांगितलं नाही. मुकाट्यानं टेबल फिरवलं. ते अजून तसंच आहे.

काका आणि माझे वडील सिंचाई विभागात एकाच खोलीत बसायचे. वडील हिशेबात, काका नकाशांत. ड्राफ्ट्समन होते ते. या भागातल्या किती कालव्यांचे नकाशे त्यांच्या पेन्सिलीखालून गेले असतील, देव जाणे. वडील सांगायचे, की कोणी साहेबानं घाईत नकाशा मागितला तरी वरच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढल्याशिवाय डोंगरवार कागद हातातून सोडत नसे. "उत्तर नाई तं नकाशा नाई, साहेब. मंग ते चित्र हाय. घरी लावा." असं तोंडावर सांगायचे. त्यामुळे बढती हुकली की काय हे मला माहीत नाही, पण रिटायर झाले ते ड्राफ्ट्समन म्हणूनच.

रिटायर झाल्यावर त्यांनी वारासिवनी रोडवरच्या आपल्या जागेत नर्सरी काढली. लोक म्हणाले, पेन्शनीत बसून खायचं सोडून म्हाताऱ्याला हे काय सुचलं. खरं सांगायचं तर काकांना झाडांतलं सुरुवातीला काही कळत नव्हतं. लिंबाची पहिली कलमं त्यांनी इतकं पाणी घालून मारली की काकू अजून कुणी लिंबू पिळताना दिसलं तरी त्यांच्याकडे बघते. पुढे कळायला लागलं, तेही निम्मंच. पण दिशेचं वेड सुटलं नाही, उलट ते सगळं झाडांवर आलं. नर्सरीच्या फाटकाशी एक फळा होता. त्यावर सबंध नर्सरीचा नकाशा, मोगरा कुठे, जास्वंद कुठे, आंब्याची कलमं कुठे, आणि वर लांबलचक उत्तरेचा बाण. रोज सकाळी काका त्यावर ओला फडका फिरवत.

आणि फाटकातून आत येणाऱ्याला ते पहिला प्रश्न विचारत, "गॅलरी कोणत्या दिशेले हाय तुमच्या घरची?"

गॅलरी नसेल तर आंगण. आंगण नसेल तर खिडकी. झाडाचं नाव नंतर. ज्याला दिशा सांगता आली नाही त्याला झाड मिळत नसे. "घरी जा, पाहून या," असं म्हणून परत पाठवत. एकदा नव्यानं बदलून आलेले एक साहेब, बंगल्याच्या गॅलरीत ठेवायला भरपूर कुंड्या हव्यात म्हणून जीप घेऊन आले. काकांनी प्रश्न विचारला. साहेब म्हणाले, "अरे भई, बंगला है, चारों तरफ़ से खुला है, आप दे दीजिए." काकांनी दिलं नाही. काकू मागून डोळे वटारत होती, हातानं खुणा करत होती, उपयोग झाला नाही. जीप रिकामी गेली.

"ज्याले आपल्या घरची दिशा मालूम नाई," काका मला त्या दिवसाबद्दल सांगताना म्हणाले, "तो झाडाकडं काय पाह्यन? आपण पोरगी देतो तं घर पाहून देतो ना? का नुसता मांडव पाहून देतो?"

ते 'झाड विकलं' असं कधी म्हणत नसत. 'दिलं' म्हणत. फार तर 'धाडलं'.

असा माणूस वेबसाइट करून घ्यायला माझ्या दारात का आला, त्याचं कारण त्या वर्षीचा मे महिना. दुपारी उन्हात पाइप घेऊन पाणी घालता घालता काकांना भोवळ आली आणि ते क्रोटनच्या कुंड्यांमध्ये आडवे झाले. काकू घरात होती. तिला कळलं ते पाणी वाहत वाहत पायरीपर्यंत आलं तेव्हा. प्रशांत, त्यांचा एकुलता एक मुलगा, हैदराबादहून दुसऱ्या दिवशी आला. चांगला मुलगा आहे. लहानपणापासून हिंदी शाळेत शिकला, म्हणून आईबापांशीही हिंदीतच बोलतो, पण माया कमी नाही. त्यानं दवाखान्यात काकांच्या खाटेशी बसून शांतपणे सांगितलं, "बाबा, इतने ग्राहक आने लगें कि आप दो आदमी काम पर रख सको, तो यहीं रहिए. मैं कुछ नहीं बोलूँगा. नहीं तो अगले साल की बरसात के बाद नर्सरी बंद, और आप दोनों मेरे पास."

काकांनी जन्मभर सरकारी हुकूम पाळले होते. हाही त्यांनी तसाच घेतला. तोंडानं नाही म्हणाले नाहीत. पण माझ्यासमोर, होकायंत्र खिशात ठेवता ठेवता म्हणाले, "मले नाई जायचं हैदराबादले. गिऱ्हाईक आले पाह्यजेन, मंजू. तेवढं कर."

अशी त्या वेबसाइटवर एका माणसाच्या उरलेल्या आयुष्याची जबाबदारी आली. लॉनवाल्यांचं काम करताना असं काही नसतं.

वेबसाइट आधीच एक होती. भोवळीच्या प्रकरणानंतर प्रशांतच्या कुणा मित्रानं ती हैदराबादेत बसून केली होती. मी उघडली. बर्फाचे डोंगर, त्याखाली क्षितिजापर्यंत ट्यूलिप, आणि मध्ये मोठी टोपी घातलेली एक गोरी बाई फुलांची टोपली घेऊन हसते आहे. खाली नंबर काकांचा.

"हे कोण होय, ते काकूनं मले तीनदा इचारलं," काका म्हणाले. "आन वारासिवनीहून एक मॅडम स्कूटीवर आली. म्हणते, ट्यूलिप दिखाओ. मी म्हणलं, बाई, बसा, चा घ्या. ट्यूलिप म्हंजे काय तेच मले माहीत नोतं. मंग तिनंच मले फोटो दाखवला. माह्याच पाटीवरचा."

वेबसाइटला ते पाटी म्हणत. मी सुधारायचा प्रयत्न केला नाही. पाटीच तर असते.

पुढचे काही महिने काका दर आठवड्याला माझ्याकडे येऊन बसत. मी दमलेली असे, तेही दमलेले असत. उन्हाळ्यातल्या त्या भोवळीनंतर त्यांच्या चालण्यात एक सावधपणा आला होता, जमीन पायाखालून सरकेल असा. खुर्चीत बसले की आधी डोळे मिटत. मग एकेका झाडाची माहिती सांगत आणि मी ती टाइप करत असे. मला वाटलं होतं, 'सुंदर, सुगंधी, टवटवीत' असं काहीतरी सांगतील. आपल्याकडे नर्सरीवाले तसंच लिहितात. काकांनी गुलाबापासून सुरुवात केली.

"लिही. गुलाब. बालाघाटच्या उन्हाळ्यात रडवते. दिवाळीनंतर या. पूर्वेचं ऊन नसन तं येऊच नका."

"काका, असं लिहिलं तर कोण येईल?"

"ज्याच्या घरी पूर्वेचं ऊन हाय तो येइन."

जास्वंदीखाली आलं: 'किडे पडतात. रोज पानं उलटून पाहायला वेळ असेल तरच.' बोगनवेलीखाली: 'हिला विसरलात तरी चालते, पण पोरं खेळतात तिथं लावू नका.' सदाफुलीखाली नुसतं: 'हिला कोणीही न्या.' मोगऱ्यापाशी आले आणि म्हणाले, "मोगऱ्याचं काकूले इचार. तो तिचा हाय." काकूनं फोनवर एका वाक्यात सांगितलं, "लिही का फुलं पाह्यजेन तं पानं तोडा, जीव कठीण करा."

फोटोंचंही तसंच. मी म्हटलं, पावसाळ्यात सगळं हिरवं असताना काढू. काकांनी मेमध्येच काढून ठेवले होते. धूळ बसलेले, कडा करपलेले, जाळीच्या सावलीत माना टाकून उभे. "हे असे दिसतीन त्यांच्या घरी मे महिन्यात. आतापासून पाहून ठेवा म्हणा." मी निम्मे बदलले, निम्मे राहिले. पहिल्या पानावर काय ठेवायचं यावर वाद झालाच नाही, कारण त्यांनी ते घरून आणलंच होतं: फळ्यावरचा नर्सरीचा नकाशा, साध्या पेन्सिलीनं नव्यानं काढलेला, इतका नीट की माझा कॉम्प्युटर त्यापुढे गबाळा वाटावा. वर उत्तरेचा बाण. कुणाचेही जोडलेले हात नाहीत. तेवढ्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

ऑर्डरचं बटण मात्र माझ्या हट्टानं ठेवलं. लोकांना आता घरबसल्या मागवायची सवय आहे, हे मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांनी मान हलवली. पहिली ऑर्डर कटंगीहून आली, कपड्यांच्या एका दुकानदाराची, दाराशी ठेवायला दोन पामच्या कुंड्या. काकांनी त्याला लगेच फोन लावला.

"दुकानाचं तोंड कोणत्या दिशेले हाय?"

"पश्चिम. क्यों?"

"मंग नाई. दुपारचं ऊन मारन त्याले. दुसरं काई सांगतो, ऐकता का?"

दुकानदारानं ऐकलं नाही. गोंदिया रोडवर तोवर एक मोठी नर्सरी उघडली होती, काचेची, कारंजं असलेली. तिथं दिशा विचारत नसत. त्यानं तिथून पाम नेले. पुढे काका मुद्दाम कटंगीला गेले तेव्हा ते पाम त्या दाराशी चांगले डोलत होते. ही गोष्टही काकांनीच मला सांगितली, काही न लपवता. "दुकानाले वर छप्पर निघालं," ते म्हणाले. "ते तं मी इचारलंच नाई."

तरी हिवाळ्यात थोडं बरं चाललं. गुलाबाचं ते 'रडवते' कुणीतरी फोटो काढून गावभर पाठवलं. हसायला म्हणून लोक आले, काकांना बघायला आले, आणि जाताना एखादी सदाफुली, एखादा कढीपत्ता घेऊन गेले. रविवारी फाटकाशी गाड्या दिसायला लागल्या. काकांनी हाताखाली एक माणूस ठेवला. अजून एक ठेवायचा होता. संध्याकाळी मला फोन करून सांगत, "आज सिवनीचे लोक आलते. पाटी वाचून आलते." त्या आवाजातला आनंद मला सहन होत नसे, इतका तो साधा होता. मलाही वाटायला लागलं की जमेल हे.

मग आलं ते माहेरपण.

हा काकांचा जुना रिवाज. बालाघाटचा मे महिना असा, की घर बंद करून पंधरा दिवस कुठे गेलं तर परत आल्यावर कुंडीत फक्त काड्या सापडतात. शाळेच्या एक बाई दर सुट्टीत नागपूरला जाताना आपला मोगरा काकांच्या जाळीखाली आणून ठेवत. "मी दिला तवा तो माह्या घरचा. उन्हाळ्यात लेक माहेरी येत नाई का?" असं काका म्हणत. दोन-चार घरं तसं करायची. माहेरपणाला आलेल्या लेकीकडून कुणी पैसे घेतं का, म्हणून त्याचे पैसेही नव्हते.

एप्रिलच्या तोंडाशी त्यांनी मला हे वेबसाइटवर टाकायला सांगितलं. ऐकलं आणि मी खुर्चीत सरळ झाले. इतकी वर्षं याच कामात घालवल्यावर कोणती ओळ लोकांच्या मनात जाऊन बसेल ते कळतं. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'झाडांचं माहेर, वारासिवनी रोड', आणि खाली, 'उन्हाळ्यात गावाला जाताय? तुमचं झाड आमच्याकडे माहेरपणाला ठेवा.' मग एक ओळ अजून लिहिली: 'फक्त आमच्या नर्सरीतून नेलेली झाडं.'

काकांनी वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काढ."

काकू त्या दिवशी बरोबर आली होती. ती म्हणाली, "राहू द्या ना बाप्पा. बरोबर लिहून राह्यली ते. साऱ्या गावाच्या झाडांले पाणी घालाले मी नाई बसली."

"दारात लेक येऊन उभी राह्यली, तं तू कोणाची म्हणून इचारते का कोणी?"

"इचारते," काकू म्हणाली. "जिले पाणी भरायचं असते ते इचारते."

काका हसले, पण ओळ काढायला लावली. मी काढली.

आणि लोक आले. माझ्या कुठल्याही वेबसाइटनं इतके लोक कुठेच आणले नाहीत, हे मला आजही कबूल करावं लागतं. मे लागायच्या आत फाटकाशी रांग. सायकलीवर, ऑटोत, बाइकवर मध्ये कुंडी आणि दोन्हीकडे माणूस. हट्टा गावचं एक कुटुंब अख्खा तुळशीवृंदावनाचा डेरा घेऊन आलं. तिरोडीच्या खाणीतला एक माणूस रेल्वेनं आला, बादलीत कढीपत्ता, बादली मांडीवर. गॅलरी कोणत्या दिशेले, हे काकांनी प्रत्येकाला विचारलं. उत्तर आलं नाही तरी झाड ठेवून घेतलं, कारण माहेरी आलेल्या लेकीला परत पाठवत नाहीत. आणि त्यातली बरीच झाडं गोंदिया रोडवरच्या त्या कारंजेवाल्या नर्सरीतली होती. कुंड्यांवर त्यांचं नाव होतं, लाल अक्षरांत.

जाळीखालची सगळी जागा भरली. पायवाटा भरल्या. काकांची स्वतःची रोपं, जी पावसाळ्यात द्यायची होती, ती सावलीतून बाहेर उन्हात गेली. कारण पाहुण्यांना उन्हात कसं ठेवणार? विहिरीचं पाणी आधी पाहुण्यांना जायचं. कामावरचा माणूस एवढ्याला वैतागून सोडून गेला. मी एका संध्याकाळी गेले, तर काकू पाइप धरून उभी होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. उभ्या उभ्या झोपली होती ती. पाणी एकाच कुंडीत पडत होतं आणि बाहेर वाहत होतं. मी पाइप हातातून घेतला तेव्हा दचकून म्हणाली, "कोणाचं होय हे झाड? आपलं की त्यांचं?"

काका मागे कुंड्यांवर खडूनं बाण काढत होते. प्रत्येक झाडाचं तोंड त्याच्या घरी जिकडे असेल तिकडेच इथंही राहावं म्हणून. ज्यांची दिशा माहीत नव्हती, त्यांच्यावर त्यांनी नुसता एक गोल काढला होता.

त्यांना समजत नव्हतं असं नाही. एकदा मला म्हणाले, "लोक येऊन राह्यले, मंजू. तू म्हणत होती ना, पाटी चालन. चालली." मग, "पण घेऊन कोणी नाई जाऊन राह्यलं." मी म्हटलं, काका, अजून वेळ आहे, ती ओळ परत टाकू या. त्यांनी पाइप उचलला आणि पुढच्या कुंडीकडे वळले. ते फार थकले होते. मीही जोर केला नाही.

पावसाळा लागला आणि नर्सरीचा खरा हंगाम आला. लोक रोपं मागायला आले तेव्हा काकांच्या रोपांच्या नुसत्या काड्या उभ्या होत्या. "थोडे दिवस थांबा," ते प्रत्येकाला म्हणत. पावसाळ्यात झाड लावणारा माणूस थांबत नाही. तो गोंदिया रोडला जातो. पाहुणी झाडं मात्र जाळीखाली राहून टरारली होती. त्यांचे मालक आले, "अरे वाह, दादाजी, कमाल कर दिया," म्हणाले, आपापल्या कुंड्या उचलून घेऊन गेले. काही आलेच नाहीत. काका त्यांना फोन लावत. "तुमची शेवंती नेली नाई तुम्ही. कळ्या धरून राह्यली ते." कुणी म्हणे येतो, कुणी म्हणे आता तुम्हीच ठेवा.

गणपतीत प्रशांत आला. त्याला काही बोलावं लागलंच नाही. नर्सरीत एक चक्कर मारली, उन्हानं गेलेल्या रोपांच्या रांगा पाहिल्या, जाळीखाली न नेलेली पाहुणी झाडं पाहिली आणि काकूच्या हाताचा चहा घेतला. काकाच म्हणाले, "बरोबर हाय तुह्यं. दसरा झाला की येतो." कामावर दोन माणसं ठेवायची गोष्ट कुणीच काढली नाही.

दसऱ्यानंतर निघायच्या सकाळी मी गेले. नर्सरी बरीचशी रिकामी झाली होती. उरलेली झाडं काकांनी आजूबाजूच्या घरांना देऊन टाकली होती, अर्थात दिशा विचारून. भाड्याची गाडी फाटकाशी उभी होती, नागपूरला विमानतळावर जायला. प्रशांत पुढे गेला होता घर लावायला, त्याचा सारखा फोन येत होता. काका नेहमीच्या पांढऱ्या शर्टात, फळ्यासमोर उभे होते. फळा पुसलेला होता. नकाशा गेला होता, फक्त उत्तरेचा बाण राहिला होता. तो त्यांनी पुसला नव्हता.

मी लॅपटॉप घेऊन पायरीवर बसले. पाटीवर आता काय लिहायचं ते विचारायचं होतं. मी आधीच लिहून ठेवलं होतं, 'नर्सरी कायमची बंद आहे.' त्यांना वाचून दाखवलं.

"असं नको," काका म्हणाले. पण काय हवं ते त्यांना सांगता येईना.

काकू पिशवीची चेन लावत होती. मान वर न करता म्हणाली, "लिही का मालक सासरी गेले."

काका हसले. कितीतरी दिवसांनी हसले, आणि हसू थांबेचना. खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावला तरी थांबेना. मग ते हसणं राहिलं नाही, हे आम्हा तिघांनाही कळलं. काकू उठून त्यांच्याजवळ गेली, पण हात लावला नाही. म्हणाली, "मी अठरा वर्षांची होती तवा माहेराहून, रामपायलीहून, अशीच निघाली होती. माह्या पायाखाली जमीन नोती. तुमचं आता होऊन राह्यलं, एवढंच."

मी तेच लिहिलं. 'मालक सासरी गेले आहेत.' ती ओळ अजून तिथंच आहे. नकाशा आणि बाणासकट.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. काका मागच्या सीटवर बसले, त्यांच्या बाजूला काकू. मांडीवर काही नव्हतं. एखादी कुंडी सोबत नेतील असं मला वाटलं होतं, मी विचारलंही. ते म्हणाले, "नाई. मी घर पाह्यलं नाई अजून."

काकूचा फोन वाजला. प्रशांत. तिनं स्पीकर लावला. "निकले क्या, आई? बाबा ठीक हैं ना?" ती काही सांगणार, तेवढ्यात काका पुढे वाकले. शर्टाच्या खिशातून होकायंत्र काढून त्यांनी तळहातावर धरलं होतं आणि सुई हलत होती.

"प्रशांत," ते म्हणाले, "तुह्या घरची गॅलरी कोणत्या दिशेले हाय रे?"

फोनवर मागे कुठेतरी लिफ्टचा आवाज ऐकू आला.

"पता नहीं, बाबा," प्रशांत म्हणाला. "कभी देखा नहीं. आप आ जाओ, फिर देख लेंगे."

काकांनी होकायंत्र खिशात ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. मग काच वर केली, आणि गाडी निघाली.